प्रेकी आणि इनडोअरवाले : छताखाली घडलेले मधल्या फळीतले खेळाडू

डावखुरा

मेस्सी मायामीला गेल्यापासून अमेरिकेतल्या लीगवर इथे बरंच लिहिलं जातंय. त्या लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब दोनदा मिळवणारा पहिला माणूस मात्र अजून एकाही धाग्यावर आलेला नाही. प्रेद्राग रादोसाव्ह्ल्येविच, सगळे त्याला प्रेकी म्हणतात. पहिला किताब १९९७ चा, दुसरा २००३ चा. दुसऱ्या वेळी तो ४० वर्षांचा होता.

त्याच्याबद्दल लिहायचं कारण फक्त वय नाही. तो आला कुठून, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जन्म बेलग्रेडचा, १९६३ चा. रेड स्टारसारख्या बड्या क्लबात होता, पण मुख्य संघात जेमतेम संधी मिळाली. आर्सेनलचा जुना बचावपटू बॉब मॅकनॅब तेव्हा टकोमा स्टार्स या अमेरिकन इनडोअर संघाचा प्रशिक्षक होता. युगोस्लाव्हियातल्या एका इनडोअर स्पर्धेत त्याने प्रेकीला हेरलं आणि १९८५ मध्ये हा पोरगा वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाला येऊन दाखल झाला.

पुढचे सात हंगाम छताखाली गेले. टकोमात पाच, सेंट लुईस स्टॉर्ममध्ये दोन. १९८८-८९ मध्ये तो मेजर इनडोअर सॉकर लीगचा (एमआयएसएल) सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९२ मध्ये ती लीगच बंद पडली. मग इंग्लंडात एव्हर्टन, नंतर पोर्ट्समथ, मध्येच उन्हाळ्यात सॅन होजे ग्रिझलीज हा पुन्हा इनडोअर संघ. १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर (एमएलएस) सुरू झाली तेव्हा तो तिशी ओलांडून कॅन्सस सिटीत आला आणि ४२ व्या वर्षापर्यंत खेळला. एमएलएसमध्ये ७९ गोल, ११२ असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास).

त्याच्याबद्दलचं बहुतेक लिखाण ‘इनडोअरमध्ये अडकलेला गुणी खेळाडू अखेर बाहेर आला’ या सुरात असतं. मला हे पटत नाही. तो इनडोअरमध्ये अडकला नव्हता, तिथे घडला. पुढे मोठ्या मैदानावर त्याने जे केलं त्यातलं बरंचसं त्या सात हंगामांत हाडीमासी मुरलेलं होतं. यावर बोलू या.

मैदानवेडी

नाव ऐकलं होतं, एवढी माहिती नव्हती. एक शंका : इनडोअर म्हणजे फुटसालच ना? आपल्याकडे प्रीमियर फुटसाल झाली होती, रोनाल्डिन्हो गोव्याच्या संघातून खेळला होता, तसंच काहीसं?

डावखुरा

नाही, फरक मोठा आहे. फुटसालमध्ये रेषा असते, चेंडू रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो. चेंडूही कमी उसळणारा. अमेरिकन इनडोअर आइस हॉकीच्या रिंकवर खेळतात. बर्फाच्या जागी कृत्रिम गवत, चारी बाजूंनी हॉकीचे बोर्ड तसेच. चेंडू बोर्डाला लागून परत येतो आणि खेळ सुरूच राहतो. कॅरममध्ये रिबाउंड मारतो तसा पास देता येतो : समोर बचावपटू उभा असेल तर चेंडू बोर्डावर मारायचा आणि त्याच्या पाठीमागे जाऊन स्वतःच घ्यायचा.

गोलकीपर धरून सहा जण. १५-१५ मिनिटांचे चार भाग. ऑफसाइड नाही. बदली खेळाडूंवर मर्यादा नाही आणि खेळ न थांबवता बदली होते, त्यामुळे एक-दोन मिनिटं जिवाच्या आकांताने धावायचं, बेंचवर यायचं, दम घेऊन परत जायचं. निळं कार्ड मिळालं की दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं आणि तेवढा वेळ संघाने एक माणूस कमी घेऊन खेळायचं. संघ मागे असेल तर शेवटी-शेवटी गोलकीपर काढून सहावा आक्रमक आत सोडतात.

मधल्या फळीतल्या माणसासाठी याचा अर्थ काय ते बघा. मोठ्या मैदानावर चेंडू आल्यावर मान वर करून बघायला क्षणभर मिळतो. इथे चेंडू येण्याआधीच ठरवलेलं असावं लागतं. पाठीला बोर्ड, पुढ्यात माणूस. गोल हातभर अंतरावर असल्यासारखा, त्यामुळे मधल्या फळीतला प्रत्येक जण फटका मारायला तयार असावा लागतो, आणि चेंडू गेला की त्याच क्षणी बचावात. पाच मैदानी खेळाडूंत लपायला जागा नाही.

कट्टेकरी

माहितीबद्दल आभार, पण मूळ मुद्दा मला मान्य नाही. इनडोअर ही एवढी मोठी शाळा होती तर एव्हर्टनमध्ये काय झालं? लीगचे ४६ सामने, ४ गोल, आणि त्यातही बरेचदा बदली म्हणून. पोर्ट्समथ तर दुसऱ्या श्रेणीत होता. मग अमेरिकेत नवी लीग निघाली, दर्जा कमी होता, तिथे तो चमकला. सरळ हिशेब आहे. १९९७ च्या एमएलएसचा सर्वोत्तम खेळाडू म्हणजे युरोपातल्या मधल्या दर्जाच्या क्लबातला एक बरा खेळाडू, यापलीकडे मी जाणार नाही.

आकडेमोड

थोडे आकडे. १९९७ : १२ गोल, १७ असिस्ट. २००३ : पुन्हा १२ गोल, १७ असिस्ट. त्या वेळच्या पद्धतीत गोलचे दोन गुण आणि असिस्टचा एक, म्हणजे दोन्ही वर्षी ४१. दोन्ही वर्षी गुणांत लीगमध्ये पहिला. मधल्या सहा वर्षांत लीग बदलली, नवे पोरगे आले, प्रशिक्षण सुधारलं. ४० व्या वर्षी तेच आकडे येणं ही ‘दर्जा कमी होता’ या एका वाक्यात बसणारी गोष्ट नाही.

डावखुरा

कट्टेकरी, एव्हर्टनचं सांगतो. १९९२ मध्ये तिथला प्रशिक्षक हॉवर्ड केंडलने त्याला घेतलं, प्रीमियर लीगचं पहिलंच वर्ष. प्रेकी तेव्हा २९ चा, आणि मधली सात वर्षं पूर्ण आकाराच्या मैदानावरचं नियमित फुटबॉल जवळजवळ नाहीच. तिथली मैदानं हिवाळ्यात चिखलाची, खेळ लांब चेंडूंचा, संघ तळाच्या आसपास झगडणारा. अशा संघात छोट्या जागेत चेंडू खेळवणाऱ्याला बाजूला उभं केलं जातं आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जात राहतो. तरी तो दोन हंगाम टिकला. यातून तो कमी पडला असं तुम्ही म्हणता, मला दिसतं ते असं की तिशीच्या उंबरठ्यावर त्याने नवा खेळ शिकून घेतला.

आणि दर्जाचाच प्रश्न असेल तर १० फेब्रुवारी १९९८. गोल्ड कप या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, लॉस एंजेलिस, प्रेकी अमेरिकेकडून, समोर ब्राझील. रोमारिओ आहे, एडमुंडो आहे, गोलमध्ये तफारेल. अमेरिकेने ब्राझीलला त्याआधी कधीच हरवलेलं नव्हतं. अमेरिकेचा गोलकीपर केसी केलरने त्या रात्री जे वाचवलं त्याचं वर्णन वेगळं करावं लागेल, रोमारिओने चालू सामन्यात त्याच्याशी हात मिळवला होता. पण गोल प्रेकीचा. बदली म्हणून आला, बॉक्सबाहेर चेंडू घेतला, एक माणूस चुकवला आणि डाव्या पायाने कोपऱ्यात. १-०.

चेंडू मिळाल्यापासून फटक्यापर्यंतचा वेळ बघा. मोठ्या मैदानावर वाढलेला खेळाडू तिथे एक स्पर्श जास्त घेतो.

कॅन्ससकर

हा धागा बघून राहवलं नाही. मी कॅन्सस सिटीत राहतो, २००३ चा प्रेकी ॲरोहेड स्टेडियममध्ये बघितलाय. अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेलं ते अजस्र स्टेडियम, बहुतांश खुर्च्या रिकाम्या, त्यामुळे खेळाडूंचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं.

त्याची एक चाल सांगतो. उजव्या बाजूने आत यायचा. चेंडू डाव्या पायाशी. समोरच्याला माहीत, स्टेडियममधल्या सगळ्यांना माहीत की हा डाव्यानेच मारणार. मग तो मारण्यासाठी पाय मागे घ्यायचा. खांदा वळायचा, नजर गोलकडे, सगळं खरं. बचावपटू पाय घालायचा किंवा खाली घसरायचा. त्या क्षणी तोच डावा पाय चेंडूवरून फिरून चेंडू आडवा खेचायचा, जेमतेम फूटभर. बचावपटू गेलेला. कधी कधी तो परत उठून यायचा, प्रेकी त्याला पुन्हा तेच दाखवायचा आणि तो पुन्हा जायचा. त्या वयात पळण्याच्या वेगाने तो कुणालाच मागे टाकत नव्हता. फक्त शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचा, समोरचा आधी हलायचा.

माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ ऐंशीच्या दशकात केम्पर अरीनात कॅन्सस सिटी कॉमेट्सचे इनडोअर सामने बघायला जायचे. ते म्हणायचे, टकोमाचा संघ आला की हीच चाल बोर्डाजवळ असायची, फक्त जागा आणखी कमी.

एक राहिलं : कॅन्सस सिटीचा पहिला प्रशिक्षक रॉन न्यूमन. हाच माणूस सॅन डिएगो सॉकर्सला इनडोअरमध्ये वर्षानुवर्षं विजेतेपदं मिळवून देत होता. प्रेकीविरुद्ध त्याचा संघ कित्येकदा खेळला होता. नव्या मैदानी लीगमध्ये तिशीपुढच्या इनडोअरवाल्याभोवती संघ बांधायला तो कचरला नाही, कारण काय मिळतंय हे त्याला पक्कं माहीत होतं.

शाहूमैदान

कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडे पेठांच्या संघांतून पोरं खेळतात, शाहू स्टेडियम भरतं, पण खेळावर घर चालत नाही. त्यामुळे मला खेळापेक्षा वेगळा प्रश्न पडला. प्रेकी वर गेला, ठीक. पण या इनडोअर लीगमध्ये शेकडो पोरं खेळली असणार, जी वर गेली नाहीत. ती जगली कशी? लीग बंद पडायची म्हणता, मग दुसऱ्या दिवशी काय?

डावखुरा

साहेब, खरा प्रश्न विचारलात.

आधी पार्श्वभूमी. नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग, म्हणजे पेले आणि बेकेनबाउर ज्यात खेळले ती, १९८४ च्या हंगामानंतर संपली. त्यानंतर १९९६ पर्यंत अमेरिकेत अव्वल दर्जाची राष्ट्रीय मैदानी लीग नव्हती. फुटबॉल खेळून पैसे हवेत तर मोठा रस्ता एकच, इनडोअर. १९७८ मध्ये सुरू झालेल्या एमआयएसएलमध्ये चांगल्या खेळाडूंना चांगला पगार होता. पण संघ सारखे बुडायचे. तीन-चार वर्षं एका गावात काढली की मालक हात वर करायचा, खेळाडूने बिऱ्हाड उचलायचं.

ज्यांना वरचा पगार नव्हता ते वर्ष वाटून घ्यायचे. हिवाळ्यात इनडोअर, उन्हाळ्यात वेस्टर्न सॉकर अलायन्ससारख्या छोट्या मैदानी लीगमध्ये मिळेल त्या मानधनावर. मधल्या काळात मुलांची शिबिरं, शाळा-कॉलेजात प्रशिक्षण. ९२ नंतर इनडोअरचे पण तुकडे झाले, एक लीग हिवाळ्यात, सीआयएसएल नावाची दुसरी उन्हाळ्यात. प्रेकीचंच बघा, पोर्ट्समथचा हंगाम आणि सॅन होजेचा इनडोअर उन्हाळा एकमेकांना चिकटून. शरीराला सुट्टी नाही.

काहींना तर मैदान बंदच होतं. स्टीव्ह झुंगुल, हायदुक स्प्लिटचा खेळाडू, १९७८ मध्ये युगोस्लाव्हियातून अमेरिकेत आला आणि परतला नाही. तिथल्या महासंघाने अडवल्यामुळे त्याला मैदानी फुटबॉल बरीच वर्षं खेळता आलं नाही. एमआयएसएल फिफाच्या छत्राबाहेर होती म्हणून तिथे खेळला आणि ६५२ गोल केले. पुढे तोही टकोमात आला, प्रेकीच्या संघात.

सिअ‍ॅटलवासी

टकोमाचं नाव निघालं म्हणून लिहिते. शाहूमैदान, तुमच्या ‘वर न गेलेल्या’ खेळाडूंचं उत्तर आमच्या गावात आहे. ब्रायन श्मेट्झर.

सिअ‍ॅटलचाच मुलगा, १९६२ चा. वडील जर्मनीहून आलेले, त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. १९८० मध्ये शाळा संपवून थेट इथल्या जुन्या साउंडर्स क्लबात, पण संधी मिळाली नाही म्हणावी इतकीच. मग टल्सा, मग सॅन डिएगोत रॉन न्यूमनच्या हाताखाली इनडोअर, मग टकोमा, मग सेंट लुईस. शेवटची दोन नावं बघा : प्रेकीचेच संघ, प्रेकीबरोबरच. एक जण लीगचा सर्वोत्तम, दुसरा संघातला कामाचा माणूस. बोर्डाशी झटापट करणं, चेंडू काढून पुढे देणं, हे त्याचं काम. नंतर घरी परतून सिअ‍ॅटलमध्ये खालच्या लीगांत आणि इनडोअरमध्ये खेळला. राष्ट्रीय संघ नाही, विश्वचषक नाही.

खेळ संपल्यावर तो बांधकामाच्या धंद्यात होता. २००२ मध्ये साउंडर्स दुसऱ्या श्रेणीत खेळत होते तेव्हा त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. २००५ आणि २००७ मध्ये त्याने ती लीग जिंकून दिली. २००९ मध्ये क्लब एमएलएसमध्ये गेला, तेव्हा मुख्य प्रशिक्षकपद दुसऱ्या नामवंत माणसाला, सिगी श्मिडला मिळालं. श्मेट्झर सहायक म्हणून राहिला. रुसून गेला नाही.

जुलै २०१६, संघ तळाजवळ, श्मिड गेले, सूत्रं याच्याकडे आली. त्याच वर्षी टोरांटोत एमएलएस कपचा अंतिम सामना : १२० मिनिटांत सिअ‍ॅटलचा एकही फटका गोलवर नाही, ०-०, पेनल्टीवर विजेतेपद. २०१९ मध्ये पुन्हा. २०२२ मध्ये कॉन्ककॅफ चॅम्पियन्स लीग (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या क्लबांची स्पर्धा), एमएलएसच्या एखाद्या संघाने ती पहिल्यांदाच जिंकली. अंतिम फेरीत मेक्सिकोच्या पुमास क्लबविरुद्ध ६८,००० वर लोक होते, मी त्यातली एक.

आणि त्या विजयी बेंचवर श्मेट्झरच्या शेजारी सहायक प्रशिक्षक कोण? प्रेकी. टकोमाच्या रिंकवरचे दोघे.

मैदानवेडी

हे वाचून अंगावर काटा आला. प्रेकी मधल्या काळात कुठे होता?

सिअ‍ॅटलवासी

चिवास यूएसएचा मुख्य प्रशिक्षक, २००७ मध्ये एमएलएसचा सर्वोत्तम प्रशिक्षक. मग टोरांटो, तिथे जमलं नाही. मग खालच्या श्रेणीत उतरला, सॅक्रामेंटो रिपब्लिकला २०१४ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद, त्यानंतर सेंट लुईस. कमीपणा मानला नाही त्याने खालच्या लीगमध्ये जायला.

जुन्या टकोमाबद्दल एक : जून १९८७, अंतिम मालिकेचा सातवा सामना, टकोमा डोम, २१,७२८ प्रेक्षक. इनडोअर फुटबॉलला एवढी गर्दी! टकोमा पुढे होतं, डॅलस साइडकिक्सने शेवटच्या मिनिटांत बरोबरी केली आणि जादा वेळेत मार्क कार्पनने गोल केला. ४-३. आमच्या ऑफिसातले जुने टकोमाकर आजही तो विषय काढला की गप्प होतात.

कट्टेकरी

श्मेट्झरची गोष्ट नवी होती, आवडली. प्रेकीच्या दर्जाबद्दल माझं मत कायम आहे, पण डावखुरा, तुमच्या मूळ मुद्द्याला श्मेट्झर जास्त बळकटी देतो असं मला वाटतं. प्रेकीकडे उपजत काहीतरी होतं, तो कुठेही घडला असता. श्मेट्झर मात्र त्या व्यवस्थेनेच तयार केलेला माणूस दिसतो.

शाहूमैदान

मला उलट वाटतं. प्रेकीला रेड स्टारने बाकावर ठेवलं होतं. उपजत गुण तिथेही होताच की. टकोमाने त्याला रोज खेळवलं. आमच्याकडे असे डावे पाय मी पाहिलेत, २४-२५ व्या वर्षी नोकरीला लागून खेळ संपलेला. दुसऱ्या दर्जाची का होईना, पगार देणारी जागा असणं यात सगळं आलं. वरच्या लीगचे दिवे सगळे बघतात, ही मधली जागा कुणी बांधत नाही.

मैदानवेडी

अगदी. आणि मधली जागा नसली की उडी फार मोठी पडते. आपला सुनील छेत्री २०१० मध्ये याच कॅन्सस सिटीत गेला होता. लीगमधला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. भारतात परतून त्याने काय केलं ते आपण पाहिलंच. त्या वर्षी त्याला तिथे खालच्या लीगमध्ये रोज खेळायला मिळालं असतं तर, असं नेहमी वाटतं.

टर्फवाला

मी ठाण्यात टर्फवर मुलांना शिकवतो. डावखुरा आणि कॅन्ससकर, तुम्हाला एक कामाचा प्रश्न. आमच्या टर्फला चारी बाजूंनी जाळी. मुलं जाळीवर चेंडू मारून पास द्यायला बघतात, चेंडू मरतो आणि खेळ रटाळ होतो. बोर्ड बसवायला जागामालक तयार नाही. त्या इनडोअर पद्धतीतलं काय उचलता येईल?

डावखुरा

जाळी सोडा, रिबाउंड मिळणार नाही. तीन गोष्टी उचला. एक, बदली. प्रत्येक संघात सहा-सहांचे दोन गट करा, दीड मिनिटाला खेळ न थांबवता अख्खा गट बदला. मुलं राखून धावणार नाहीत. दुसरं, अधूनमधून एका संघातला एक माणूस दोन मिनिटं बाहेर काढा. चौघांनी पाचांना अडवायचं शिकलं की मधल्या फळीतल्या पोराला जागा कशी झाकायची ते आपोआप कळतं. तिसरं, ऑफसाइड तर तुमच्याकडे नसेलच, पण स्वतःच्या बचावापासून थेट पुढच्या माणसापर्यंत हवेतला लांब चेंडू बंद करा. इनडोअरमध्येही मैदानावरच्या तीन आडव्या रेषा ओलांडणारा हवेतला पास चालत नाही, त्यामुळे चेंडू मधूनच न्यावा लागतो.

कॅन्ससकर

माझ्याकडून एक भर. प्रेकीची ती चाल मुलांना शिकवताना चेंडू खेचणं आधी शिकवू नका. आधी खोटा फटका शिकवा. खांदा खरा वळला पाहिजे, दुसरा पाय चेंडूच्या बाजूला खरा रोवला गेला पाहिजे. माझी मुलगी इथे हिवाळ्यात बोर्डवाल्या रिंकवर खेळते, तिचे प्रशिक्षक मुलींना पहिल्यांदा दहा खरे फटके मारायला लावतात, अकराव्याला अडवून धरायला सांगतात. बघणाऱ्याला दहाव्या आणि अकराव्यात फरक दिसला तर पुन्हा पहिल्यापासून.

टर्फवाला

दोघांचे आभार. शनिवारच्या बॅचला दीड मिनिटाची बदली सुरू करतो. १२ वर्षांखालच्यांना दीड मिनिट जास्त होईल का?

डावखुरा

त्यांना एक मिनिट ठेवा. आणि गट सारखे तेच ठेवू नका, दर आठवड्याला बदला.